मुळांवरच्या गाठी आणि आंबट जमीन

तूर, मूग, चवळी ही पिके हवेतील नत्र खातात, असे आपण सहज म्हणतो. हवेत नत्र सुमारे ७८ टक्के आहे खरे. परंतु कोणतेही रोप ते सरळ घेऊ शकत नाही. ते काम मुळांवरच्या गाठींतील जिवाणूंचे, हे हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी १८८८ पर्यंत सिद्ध केले. रोपाने साखर द्यावी व जिवाणूंनी नत्र द्यावे, असा हा करार होय.

आंबट जमिनीत हा करार मोडतो. आंबटपणा 'सामू' या अंकाने मोजतात. सात म्हणजे समतोल. त्याखाली दर अंकाला आंबटपणा दसपट वाढतो. कोकणच्या जांभ्या जमिनीतील चुना पावसाने युगानुयुगे धुऊन नेला, म्हणून ती आंबट. देशावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत ही अडचण सहसा नसते.

सामू साडेपाचाच्या खाली गेला की मातीतील ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोके खुंटवते. चुना अपुरा पडला म्हणजे जिवाणूंना मुळात शिरकाव करणे कठीण जाते. शिवाय नत्र बांधण्यास लागणारे मॉलिब्डेनम मातीतच जखडून बसते. सर्वच जिवाणू सारखे नाजूक नसतात: चवळी-कुळथाचे बरेच सोसतात, लसूणघासाचे फार थोडे.

गाठ कापून पाहावी. आतून तांबूस असेल तर काम चालू आहे. पांढरी वा हिरवट असेल तर बंद आहे. पीक पिवळे पडले की शेतकरी युरिया टाकतो. पान हिरवे होते. पण आयते नत्र मिळाल्याने रोप गाठी कमी धरते आणि युरियामुळे माती कालांतराने अधिकच आंबट होते. पुढल्या वर्षी पुन्हा पोते, पुन्हा उधारी!

यावर उपाय असा : प्रथम माती तपासावी. ती आंबट निघाल्यास पेरणीपूर्वी काही आठवडे, तपासणीत सांगितले असेल तेवढीच चुनखडीची भुकटी मिसळावी. मग बियाण्यास त्या पिकाचे जिवाणू चोळून ते सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे.

कारखान्यात उत्पादन घटले की आम्ही प्रथम कामाची जागा पाहा म्हणतो. कामगाराला दोष नंतर. मातीतल्या या मुक्या कामगारांनाही तोच न्याय लावला पाहिजे. आपल्या ताटातली डाळ त्यांच्याच कष्टाची आहे.