एका नाण्यावर दोन राजे

नाशिकजवळच्या जोगलटेंभीत १९०६ साली जमिनीतून चांदीची नाणी निघाली. थोडीथोडकी नव्हेत, तेरा हजारांहून जास्त! सगळी मुळात नहपानाची.

नहपान हा क्षहरात कुळातला शक राजा. वायव्येकडून आलेल्या शकांनी दख्खनच्या सातवाहन राजांच्या हातून नाशिक, जुन्नर, कार्ले हा सगळा घाटमाथा काढून घेतला होता. कल्याण बंदरात एखादं ग्रीक गलबत आलंच, तर ते पहाऱ्यात शकांच्या भडोचला नेत, असं त्या काळच्या एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात नोंदलंय. मुलूख गेला, व्यापारही आटला. सातवाहन आता संपले, असं तेव्हा कुणाला वाटलं नसेल?

आता त्यातलं एक नाणं तळहातावर घ्या. नखाएवढं. त्यावर नहपानाचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं. पण हे काय? चेहऱ्यावरच तीन कमानींचा डोंगर उमटलाय! हा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा छाप. नाणी वितळवायची खटपट नाही. शत्रूच्या चांदीवर आपला ठसा ठेवायचा आणि घण हाणायचा. असा घाव एकदा नाही, नऊ हजारांहून अधिक वेळा पडलाय. वर्तमानपत्र नसलेल्या काळात राजा बदलल्याची बातमी अशी हातोहात बाजारभर फिरली असणार!

आणि नाशिकची पांडवलेणी? तिथल्या तिसऱ्या लेण्यात तर गौतमीपुत्राचा हुकूमच दगडात कोरलाय. राज्याच्या अठराव्या वर्षी, विजयी सेनेच्या छावणीतून सुटलेला. आजवर उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत या डोंगरावरच्या भिक्षूंना द्या, असा. उषवदात म्हणजे नहपानाचा जावई. त्यानं कोरवलेलं लेणं याच डोंगरात आहे! एवढी मोठी उलथापालथ, आणि ती आपल्याला दिसते शेताच्या खातेबदलातून.

पण मला खरं थक्क करतो तो त्याच्या खालचा लेख, सहा वर्षांनंतरचा. दिलेल्या शेताचं गाव ओस पडलंय, शेत कुणी कसत नाही; तेव्हा त्याऐवजी नगराच्या शिवेतली १०० निवर्तनं राजाची जमीन द्या. हा हुकूम राजाबरोबर राजमातेच्याही नावानं निघालाय. साम्राज्य परत मिळवणाऱ्या माणसाच्या दप्तरात पडीक शेताची तक्रार पोचते, तिची दखलही घेतली जाते!

ती राजमाता म्हणजे गौतमी बलश्री. नातू पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिनं हे लेणं भिक्षूंना दान दिलं, आणि लेखात आपल्या मुलाची कीर्ती कोरवली: त्यानं क्षहरातांचा वंश निखालस संपवला, सातवाहन कुळाचं यश पुन्हा उभं केलं. पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढलात, तर तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत जरा थांबा. तिची अक्षरं अजून भिंतीवर आहेत.