स्तनाचा कर्करोग : जोखमीचे घटक व तपासणीच्या पद्धती

प्रस्तावना :
भारतीय स्त्रियांना होणाऱ्या कर्करोगांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचा क्रमांक पहिला आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाला व सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने मृत्युमुखी पडल्या. वास्तविक गाठ लहान असताना निदान झाल्यास हा रोग बहुतांशी बरा होऊ शकतो. परंतु सुरुवातीची गाठ सहसा दुखत नाही आणि जे दुखत नाही त्यासाठी दवाखान्यात जाण्याची रीत आपल्याकडे नाही. या पार्श्वभूमीवर प्रस्तुत लेखात रोगाच्या जोखमीचे घटक व तपासणीच्या पद्धती यांचा विचार केला आहे.

जोखमीचे घटक :
स्त्री असणे व वाढते वय हे सर्वांत मोठे घटक होत. पुरुषांमध्ये हा रोग क्वचित आढळतो. मासिक पाळी लवकर सुरू होणे, उशिरा बंद होणे, मूल न होणे किंवा पहिले मूल तिशीनंतर होणे यांमुळे स्त्री-संप्रेरकांचा स्तनाच्या पेशींवरील प्रभाव दीर्घकाळ राहतो व जोखीम वाढते. याउलट स्तनपान संरक्षक ठरते. ३० देशांतील ४७ अभ्यासांच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणानुसार स्तनपानाच्या प्रत्येक १२ महिन्यांमागे जोखीम सुमारे ४.३ टक्क्यांनी कमी होते.

आई, बहीण किंवा मुलगी यांना हा रोग झालेला असल्यास जोखीम वाढते. 'बीआरसीए-१' व 'बीआरसीए-२' या जनुकांतील दोष पुढील पिढीत उतरू शकतो. तथापि आनुवंशिक रुग्णांचे प्रमाण केवळ ५ ते १० टक्के आहे. पाळी बंद झाल्यानंतरचा लठ्ठपणा, मद्यपान व व्यायामाचा अभाव हे मात्र टाळता येण्याजोगे घटक होत.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. अनेक रुग्णांमध्ये वय व लिंग यांखेरीज कोणताही ठळक घटक आढळत नाही. म्हणून 'आमच्या घराण्यात कोणाला नाही' हे तपासणी टाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

तपासणीच्या पद्धती :
१) स्वपरीक्षण : शांघायमधील सुमारे २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांवरील २००२ च्या अभ्यासात स्वपरीक्षणाच्या प्रशिक्षणाने मृत्यू कमी झाले नाहीत. तरीही गाठ, त्वचेवरील खळगा, आत ओढले गेलेले स्तनाग्र किंवा त्यातून येणारे रक्त हे बदल ओळखता येणे उपयुक्त आहे.

२) मॅमोग्राफी : या क्ष-किरण तपासणीत हाताला न लागणारी गाठही दिसते. मात्र तरुण स्त्रियांच्या दाट स्तनांत तिची अचूकता कमी होते. यंत्र व तज्ज्ञ मुख्यतः शहरांतच उपलब्ध असतात.

३) हाताने तपासणी : प्रशिक्षित व्यक्ती स्तन व काख हाताने तपासते. यास यंत्र लागत नाही. शंका आल्यास सोनोग्राफी, मॅमोग्राफी व सुईने तुकडा काढून तपासणी केली जाते. सुई लावल्याने रोग पसरतो ही समजूत निराधार आहे.

मुंबईतील अभ्यास :
टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयोगटातील दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, याप्रमाणे चार वेळा हाताने तपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या व चौथ्या अवस्थेतील रुग्णांचे प्रमाण तपासणी न झालेल्या गटात ४७ टक्के, तर तपासणी झालेल्या गटात ३७ टक्के होते. पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मात्र मृत्यूंमध्ये लक्षणीय घट आढळली नाही.

निष्कर्ष :
भारत सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक आराखड्यात ३० ते ६५ वयोगटातील स्त्रियांची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी करण्याची तरतूद आहे. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयोगटातील १ टक्क्याहूनही कमी स्त्रियांची स्तनतपासणी कधीतरी झाल्याचे आढळले. अर्थात उणीव साधनांपेक्षा ती स्त्रीपर्यंत पोहोचण्यात आहे. स्त्री आरोग्यसेविकेकडून, आडोशाच्या जागी, संकोच न वाटेल अशा रीतीने तपासणी होणे आणि गाठ आढळल्यास घरातील कामे व खर्च यांपायी उपचार न लांबवणे, या दोन गोष्टी साध्य झाल्यास अनेक स्त्रियांचे प्राण वाचू शकतील.