रोजच्या रस्त्यावरचा पॅलेस

नगर रोडवर ऑफिस असलेल्यांनो, खरं सांगा, आगाखान पॅलेस आतून शेवटचा कधी पाहिलात? शाळेच्या सहलीत? मीही त्यातलाच! चार वर्षं रोज त्याच्यासमोरून बाइक हाणतोय, नजर मात्र सिग्नलवर.

गेल्या रविवारी आई साताऱ्याहून आली. म्हटलं, मॉल दाखवू, मस्त जेवू. तर म्हणाली, "मला कस्तुरबांची समाधी बघायचीय. आणि बसने जाऊ. तुझ्या बाइकवर माझी कंबर जाते."

मग काय, मनपाहून वाघोलीकडे जाणारी बस पकडली. दिवसभराचे दोन पास काढले, आईला खिडकी दिली. बाइकपेक्षा दुप्पट वेळ लागला, पण नदी, येरवडा, जुनी झाडं... हा आपलाच रस्ता का, असं वाटलं.

पॅलेस बांधला तिसऱ्या आगाखानांनी, १८९२ मध्ये. दुष्काळात होरपळलेल्या आसपासच्या लोकांना काम मिळावं म्हणून. उंच कमानी, लांबलचक व्हरांडे, हिरवळ. फोटोसाठी एकदम झक्कास! पण १९४२ मध्ये याच वाड्याचा तुरुंग झाला. 'चले जाव'ची हाक दिल्यावर ९ ऑगस्टला गांधीजींना पकडून इथं आणलं. सहाच दिवसांत, १५ ऑगस्टला, त्यांचे सचिव महादेवभाई देसाई हार्ट अटॅकने गेले. पुढे बरोब्बर पाच वर्षांनी त्याच तारखेला देश स्वतंत्र झाला. कस्तुरबा गेल्या २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीला. गांधीजींची सुटका झाली ६ मे रोजी.

मागच्या बाजूला दोघांच्या समाध्या आहेत. फुलं वाहून आई तिथंच थांबली. बोटांवर काहीतरी मोजत होती.

"अडीच महिने रे," ती म्हणाली. "तेवढे निघाले असते, तर घरी गेली असती बाई."

मला बोलायला काही सुचेना. कॅमेरा खिशातच राहिला.

सोमवारी ऑफिसला जाताना सिग्नल लाल होता. चार वर्षांत पहिल्यांदाच मी डोकं वळवून त्या गेटकडे बघितलं.

कसं जाल?
मनपा किंवा पुणे स्टेशनहून नगर रोडने वाघोलीकडे जाणारी बस घ्या. कुठं उतरायचं ते कंडक्टरला आधीच सांगून ठेवा. ऊन चढायच्या आत पोहोचा. पास दिवसभराचा असेल, तर परतताना मनपाला उतरून शनिवारवाडाही होतो!