बेट कुणाचे?

(एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे मी काय वाचते याची आईला भारी उत्सुकता. गेल्या उन्हाळ्यात भुईमुगाच्या शेंगा फोडता फोडता मी तिला शेक्सपिअरच्या 'द टेंपेस्ट' या नाटकाची गोष्ट सांगितली. मिलानचा ड्यूक प्रॉस्पेरो याचे राज्य त्याच्या भावाने बळकावले आणि त्याला लहानग्या मुलीसह, मिरांडासह, समुद्रात सोडून दिले. तो एका बेटाला लागला. तेथे सिकोरॅक्स नावाच्या मृत चेटकिणीचा मुलगा कॅलिबन राहत होता. प्रॉस्पेरोने त्याला आधी माया लावली, बोलायला शिकवले आणि पुढे लाकडे वाहणारा गुलाम केले. बारा वर्षांनी मंत्रविद्येने वादळ उठवून त्याने आपले शत्रू त्याच बेटावर आणले, त्यांना क्षमा केली आणि राज्य परत मिळवले.

आईने सारे ऐकून घेतले व म्हणाली, "राजाचं राज्य राजाला मिळालं, बेस झालं. पर बेट तर त्या पोराच्या आयचं व्हतं न्हवं? त्याचं त्याला कुणी दिलं?"

मला उत्तर देता आले नाही. गाईडात 'क्षमेचा सूडावर विजय' एवढेच पाठ केले होते. पुढे ग्रंथालयात शोध घेता कळले की हाच प्रश्न जगातील मोठमोठ्या लेखकांनी विचारला आहे. ज्यांच्यावर परक्यांनी राज्य केले, त्यांनी राज्यकर्त्यांचे साहित्य आपल्या बाजूने पुन्हा वाचायचे, या पद्धतीला वसाहतोत्तर वाचन म्हणतात. जमीन कुणाची, कष्ट कुणाचे, बोलतो कोण आणि गप्प कोण, हे प्रश्न ते नाटकाला विचारते.

आता असे वाचन म्हणजे ओढूनताणून लावलेला अर्थ नव्हे काय? थोडा काळ पाहू. इंग्रजांनी व्हर्जिनियात जेम्सटाऊनची वसाहत १६०७ मध्ये वसवली. १६०९ मध्ये तिकडे निघालेले 'सी व्हेंचर' हे जहाज वादळात सापडून बर्म्युडा बेटांवर फुटले. त्याच्या हकिगती लंडनला पोहोचल्या, आणि शेक्सपिअरने त्या वाचल्या असाव्यात असे बहुतेक अभ्यासक मानतात. १ नोव्हेंबर १६११ रोजी हे नाटक राजदरबारात झाले. 'कॅलिबन' हे नावही नरभक्षक या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची अक्षरे उलटसुलट करून झाले असावे. माँतेन या फ्रेंच लेखकाच्या नरभक्षकांवरील निबंधाचे इंग्रजी भाषांतर १६०३ मध्ये निघाले होते, आणि त्यातील मजकुराचा वापर नाटकात स्पष्ट दिसतो. मात्र हेही खरे, की नाटकातले जहाज ट्युनिसहून नेपल्सकडे परतत असते. म्हणजे बेट भूमध्य समुद्रातले आहे, अमेरिकेतले नव्हे.

विसाव्या शतकात वाद पेटला. मादागास्करमध्ये राहिलेल्या मानोनी या फ्रेंच लेखकाने १९५० मध्ये असे मांडले, की वसाहतीतील माणसांच्या मनातच परावलंबनाची ओढ असते. प्रॉस्पेरो आणि कॅलिबन ही त्याने मालक व अंकित यांच्या मनोवृत्तीची नमुना-पात्रे ठरवली. मार्टिनिक बेटावर जन्मलेल्या फ्रांत्झ फानोनने १९५२ मध्ये त्याला सडेतोड उत्तर दिले: ही ओढ उपजत नाही, ती गुलामीनेच घडवलेली आहे. बार्बाडोसचा जॉर्ज लॅमिंग याने १९६० मध्ये भाषेचा प्रश्न पुढे आणला. प्रॉस्पेरोची भाषा ही देणगी आहे आणि तुरुंगही. १९६९ मध्ये मार्टिनिकच्याच एमे सेझेरने हे नाटक फ्रेंचमध्ये नव्याने लिहिले. त्यातला कॅलिबन रंगमंचावर येतो तोच आफ्रिकी भाषेतील 'स्वातंत्र्य' हा शब्द उच्चारीत, आणि मालकाने ठेवलेले नाव टाकून देतो. क्यूबाच्या रेतामारने १९७१ मध्ये तर कॅलिबन हेच आपल्या लोकांचे प्रतीक म्हटले.

हे वाचून मी भारावून गेले. पण मूळ नाटक पुन्हा उघडले तेव्हा दोन गोष्टी आडव्या आल्या. सिकोरॅक्सही मूळची अल्जियर्सची, हद्दपार होऊन आलेली. तिने एरियलला झाडात कोंडून ठेवले होते. म्हणजे बेटावरचा हक्क वाटतो तितका सरळ नाही. दुसरी गोष्ट अधिक जड. कॅलिबनने मिरांडावर बळजबरी करण्याचा प्रयत्न केलेला आहे आणि त्याला त्याचा पश्चात्ताप नाही. त्याला नायक करताना ते पान मुडपून ठेवणे मला मुलगी म्हणून जमणार नाही. तरीही बेटावरच्या नादांचे, गोड सुरांचे वर्णन शेक्सपिअरने त्याच्याच तोंडी घातले आहे. रानटी म्हणून हिणवलेल्या माणसाला इतके सुंदर काव्य देणाऱ्या नाटककाराला निव्वळ साम्राज्याचा भाट म्हणता येत नाही.

कॅलिबन म्हणतो, तुम्ही मला भाषा शिकवली, तिचा लाभ इतकाच की मला शिव्याशाप देता येतात. आपल्याकडे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हटले होते. त्यामागेही हीच जाण असावी, की परक्याकडून घेतलेले बळ त्याच्याविरुद्धही वापरता येते. माझ्या इंग्रजी उच्चारांना वर्गात हसू फुटले, तेव्हा मीही स्वतःला कॅलिबनच समजत असे.

परंतु एक गोष्ट वाचली आणि चपापले. मी तुला बोलायला शिकवले, तू तर निरर्थक बडबडत होतास, हे कठोर भाषण १६२३ च्या पहिल्या छापील प्रतीत मिरांडाच्या तोंडी आहे. कोमल मुलीला ते शोभत नाही म्हणून नंतरच्या अनेक संपादकांनी ते प्रॉस्पेरोला देऊन टाकले. हल्लीच्या आवृत्त्यांत ते बहुधा मिरांडालाच परत मिळाले आहे. गेली दोन वर्षे घरी मी काय करते? आई 'व्हतं' म्हणाली की 'होतं म्हण' म्हणून तिला टोकते. धाकट्या भावाला पाहुण्यांसमोर 'नीट बोल' म्हणून डोळे वटारते. जणू मी शिकवण्यापूर्वी या घरात कुणाला बोलताच येत नव्हते! वर्गात कॅलिबन असलेली मी उंबऱ्याच्या आत मिरांडा होते, आणि माझे भाषण बदलून द्यायला कुणी दयाळू संपादकही नव्हता.

प्रमाण भाषा शिकू नये, असे माझे म्हणणे नाही. हा लेख मी त्याच भाषेत लिहिला आहे. परंतु एक भाषा देताना दुसरी बडबड ठरवायची गरज नसते, हे मला या नाटकाने शिकवले.

असो. आईच्या प्रश्नाला नाटकात उत्तर नाही. शेवटी सारे परत निघण्याच्या तयारीत असतात. कॅलिबन त्यांच्याबरोबर जातो की बेटावर राहतो, हे शेक्सपिअरने सांगितलेले नाही. मी तिला तसे सांगितले. ती म्हणाली, "मग ऱ्हायला आसंल तितंच. घर सोडून कुठं जाईल?"

या वेळी मी तिला टोकले नाही.