कडा चढणे आणि कडा चढायला शिकवणे

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की शाळांकडे साहसशिबिरांची माहितीपत्रके येऊ लागतात. दोरावरून उतरणे, ओढा ओलांडणे, कड्यावर चढणे असे बरेच काही त्यांत असते. तळाशी बहुधा एक ओळ छापलेली असते, ‘प्रशिक्षित मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली’. मुलांना पाठवायचे की नाही, हे शिक्षकांना आणि पालकांना बऱ्याचदा या एका ओळीच्या भरवशावर ठरवावे लागते. तेव्हा प्रस्तरारोहणाचा प्रशिक्षक म्हणजे नेमके कोण, त्याला काय काय शिकावे लागते आणि त्यामागे कोणते विज्ञान असते, हे आपण समजून घेऊ या.

चढणारा आणि शिकवणारा

गणित उत्तम येणारा प्रत्येक जण गणित उत्तम शिकवतोच असे नाही, हा आपल्या व्यवसायातला रोजचा अनुभव आहे. कड्यावरही तेच खरे आहे. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. त्यानंतर ४ नोव्हेंबर १९५४ रोजी दार्जिलिंग येथे हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि तेथील प्रत्यक्ष प्रशिक्षणाची जबाबदारी तेनसिंग यांच्याकडे आली. पण हे काम हाती घेण्यापूर्वी ते काही शेर्पा सहकाऱ्यांसह स्वित्झर्लंडला गेले आणि तेथे आर्नोल्ड ग्लाटहार्ड यांच्या हाताखाली शिकले. जगातले सर्वोच्च शिखर चढून आलेल्या माणसालाही ‘कसे शिकवावे’ हे वेगळे शिकावे लागले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आपल्याकडील शिक्षणाच्या पायऱ्याही याच विचारावर उभ्या आहेत. दार्जिलिंगची संस्था आणि १९६५ साली उत्तरकाशी येथे स्थापन झालेली नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग, या दोन्ही ठिकाणी आधी सुमारे चार आठवड्यांचा बेसिक अभ्यासक्रम असतो. त्यात ‘अ’ श्रेणी मिळाली तर अॅडव्हान्स अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो. त्यातही ‘अ’ श्रेणी मिळवणाऱ्यालाच तिसरा, म्हणजे अध्यापनपद्धतीचा अभ्यासक्रम करता येतो. ‘मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन’ या नावाने तो ओळखला जातो. पहिल्या दोन पायऱ्यांवर माणूस स्वतः चढायला शिकतो, तर तिसऱ्या पायरीवर शिकवायला शिकतो. म्हणून बेसिकचे प्रमाणपत्र हे प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र नव्हे. माहितीपत्रकातील ‘प्रशिक्षित’ या शब्दात हा फरक सहज झाकला जातो.

अँकर आणि कोन

प्रशिक्षकाचे पहिले काम म्हणजे कड्याच्या माथ्यावर दोरासाठी भक्कम आधार तयार करणे. याला गिर्यारोहक ‘अँकर’ म्हणतात. खडकातील बोल्ट, फटीत घट्ट बसवलेली साधने, मोठे झाड किंवा अढळ शिळा यांचा त्यासाठी उपयोग करतात. एकाच आधारावर कधीही विसंबायचे नाही, किमान दोन तरी हवेत, हा नियम. एक निखळला तर दुसऱ्याने भार पेलला पाहिजे.

आता प्रश्न असा, की दोन आधार घेतले म्हणजे प्रत्येकावर निम्माच भार येतो का? उत्तर दोन दोरांमधील कोनावर अवलंबून आहे. हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. दोन तानकाटे दोन खिळ्यांना अडकवा. त्यांना दोरी बांधून दोरीच्या मध्यावर एक किलोग्रॅमचे वजन लटकवा. खिळ्यांमधले अंतर वाढवत जा आणि काट्यांवरील वाचन टिपा. दोऱ्या जवळजवळ समांतर असताना प्रत्येक काटा ५०० ग्रॅम दाखवील. कोन ६० अंश झाला की सुमारे ५८०, ९० अंशांना सुमारे ७१० आणि १२० अंशांना पुरे १००० ग्रॅम. म्हणजे १२० अंशांवर दोन आधार घेऊनही प्रत्येकावर पूर्ण भार आला! कोन १५० अंश केला तर प्रत्येकावर जवळजवळ दुप्पट भार येतो. नववी-दहावीच्या मुलांना बलांचा समांतरभुज चौकोन काढून हे पडताळता येईल. प्रशिक्षक अँकर बांधताना कोन ६० अंशांच्या आत ठेवण्याचा आग्रह का धरतात, हे मुलांना आता वेगळे सांगावे लागणार नाही.

दोर ताणला का जातो?

प्रस्तरारोहणाचा दोर नायलॉनचा असतो. आतल्या तंतूंच्या गाभ्यावर विणलेले आवरण असते आणि तो मुद्दाम ताणला जाईल असा बनवतात. असे का, हे साध्या हिशेबाने कळते. समजा, ५० किलोग्रॅम वस्तुमानाची व्यक्ती ४ मीटर पडली आणि दोराने तिला १० सेंटिमीटरमध्ये थांबवले. पडताना मिळालेली सर्व ऊर्जा त्या १० सेंटिमीटरमध्येच शोषली गेली पाहिजे. मग तिच्यावरील सरासरी बल तिच्या वजनाच्या ४१ पट होते. असा झटका शरीराला सोसवणार नाही. तीच व्यक्ती दोर ताणला गेल्यामुळे एक मीटर अंतरात थांबली तर हेच बल वजनाच्या ५ पट भरते. क्रिकेटमध्ये झेल घेताना आपण हात मागे नेतो, त्यामागचे तत्त्व हेच.

यातून आणखी एक मजेदार गोष्ट निघते. झटक्याची तीव्रता किती उंचीवरून पडलो एवढ्यावरच ठरत नाही. पडण्याचे अंतर भागिले त्या वेळी वापरात असलेल्या दोराची लांबी, हे गुणोत्तर महत्त्वाचे. चार मीटर पडताना फक्त चार मीटर दोर बाहेर असेल तर गुणोत्तर १ येते. वीस मीटर दोर बाहेर असेल तर ते ०.२ येते आणि झटका बराच सौम्य होतो, कारण ताणले जायला दोर जास्त असतो.

म्हणूनच नवशिक्यांना दोर नेहमी वरून दिलेला असतो. दोर माथ्यावरच्या अँकरमधून खाली येतो. एक टोक चढणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला, बांधलेले असते. दुसरी बाजू खाली उभा असलेला साथीदार सांभाळतो आणि सैल पडलेला दोर सतत ओढून घेतो. यालाच ‘बिले देणे’ म्हणतात. असा दोर असताना हात सुटला तरी मूल पडत नाही, जागीच लटकते.

पण याही व्यवस्थेत एक खाच आहे आणि ती ओळखणे हे प्रशिक्षकाचे काम. वीस मीटर उंच कड्यावर मूल जमिनीपासून दोन मीटर वर असेल, तर त्याच्यापासून माथ्यापर्यंत १८ आणि तेथून खाली साथीदारापर्यंत २०, असा जवळजवळ ३८ मीटर दोर वापरात असतो. ४० किलोग्रॅमच्या मुलाच्या भारानेही तो एक-सव्वा मीटर लांबू शकतो. त्यात दोर थोडा जरी सैल असेल तर मूल सरळ जमिनीवर येईल. उंची वाढली की धोका वाढतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात या पद्धतीत पहिले दोन-तीन मीटरच जास्त जपण्याचे असतात. चांगला प्रशिक्षक सुरुवातीला दोर ताठ ठेवायला लावतो, तो यासाठी.

खडकाची ओळख

मैदानावरच्या कृत्रिम भिंतीपेक्षा निसर्गातला कडा वेगळा, कारण तेथे खडकाची हमी कोणी देत नाही. दार्जिलिंगला तेनसिंग रॉक, उत्तरकाशीला तेखला येथील खडक यांवर प्रशिक्षणार्थींचा सराव होतो. आपला सह्याद्री मात्र सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा, बेसाल्टचा बनलेला आहे. कठीण थरांच्या मध्येमध्ये तांबूस, मऊ थर असतात. पावसाळ्यात फटींत पाणी आणि गवताची मुळे शिरतात आणि पाऊस संपला की वरून भक्कम दिसणारे दगड सुटे झालेले असतात. म्हणून हिमालयात शिकून आलेल्या प्रशिक्षकालाही येथला खडक नव्याने वाचावा लागतो. तो खडकावर हातोडीने किंवा मुठीने ठोकून पाहतो. आवाज भरीव आला तर ठीक, पोकळ ‘बद्द’ आवाज आला तर तो दगड मूळ खडकापासून सुटलेला असण्याचा संभव. मडके घेताना आपण टिचकी मारतो, तशीच ही परीक्षा.

सवयीवर विश्वास नको

१९८९ साली फ्रान्समधील ब्यू येथे लिन हिल ही अमेरिकन आरोहक सुमारे २२ मीटरवरून खाली पडली. त्या काळी ती जगातल्या अग्रगण्य आरोहकांपैकी एक होती. कारण काय? दोर हार्नेसला बांधायला घेतला आणि मध्येच लक्ष दुसरीकडे गेल्याने गाठ पुरी केलीच नाही. ती माथ्यापर्यंत चढली आणि उतरण्यासाठी दोरावर भार टाकताच दोर निसटला. झाडाच्या फांद्यांमुळे ती वाचली. पुढे १९९३ साली तिने कॅलिफोर्नियातील एल कॅपिटन कड्यावरील ‘नोज’ हा मार्ग कृत्रिम आधार न घेता चढून इतिहास घडवला. तिच्या कौशल्यात कमतरता नव्हती. गाठ दुसऱ्या कोणी पाहिली नव्हती, एवढेच.

म्हणून प्रशिक्षकाला पडताळणी अंगवळणी पाडून घ्यावी लागते. प्रत्येक मूल चढण्यापूर्वी हार्नेसचे बक्कल, दोराची आठच्या आकाराची गाठ, बिलेचे साधन आणि कॅराबिनरचे कुलूप हे सगळे डोळ्यांनी पाहून आणि हाताने ओढून तपासायचे. कॅराबिनर ही धातूची कडी लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन बल सोसते. तीच आडवी पडली तर तिची हमी किमान ७ किलोन्यूटनपुरतीच उरते. कडी तीच, पण दिशा बदलली की बळ निम्म्याहूनही कमी. चाळीस मुले असतील तर ही तपासणी चाळीस वेळा करायची, आणि चाळिसाव्या वेळीही पहिल्याइतकीच लक्षपूर्वक.

शिकवण्याचे शिक्षण

हे सारे कळल्यावरही प्रशिक्षक पुरा होत नाही. अध्यापनाच्या अभ्यासक्रमात प्रशिक्षणार्थी स्वतः पाठ तयार करतो, सोबत्यांना शिकवतो आणि आपल्या पाठावरची टीका ऐकतो. आपल्या बी. एड.च्या सराव पाठांचीच ही बहीण म्हणायची! घाबरून मध्येच थिजलेल्या मुलाशी कसे बोलावे, त्याला वर कधी जाऊ द्यावे आणि खाली कधी घ्यावे, दोरावर अडकलेल्याची सुटका कशी करावी, हेही त्याला यावे लागते. ब्रिटनमध्ये यासाठी नोंदणी, प्रशिक्षण, सरावाचा काळ आणि शेवटी मूल्यमापन असे टप्पे आहेत. उमेदवाराला केलेल्या चढायांची नोंदवही दाखवावी लागते, प्रथमोपचाराचे प्रमाणपत्रही लागते. तेथील पहिल्या पातळीचे प्रमाणपत्र एका दोराच्या टप्प्यात संपणाऱ्या लहान कड्यांपुरतेच असते. प्रशिक्षकाने काय करू नये हेही प्रमाणपत्राने ठरते.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यात साहसी उपक्रम चालवणाऱ्यांची नोंदणी आणि सुरक्षेचे निकष यांचा विचार आहे. पण कागदावरचे निकष कड्यावर उतरतात की नाही, हे पाहणारे कोणी तरी हवे. सहल नेणारा शिक्षक ते पाहू शकतो. त्यासाठी त्याला स्वतः चढता येण्याची गरज नाही, चार प्रश्न विचारता आले की पुरे. प्रशिक्षकाने कोणता अभ्यासक्रम पुरा केला आहे, फक्त बेसिक की शिकवण्याचाही? माथ्यावर अँकर किती आणि त्यांतील कोन केवढा? चढण्यापूर्वी गाठ कोण तपासणार, आणि तपासणाऱ्याची गाठ कोण? एखाद्याला दुखापत झाली तर त्याला खाली कसे आणणार आणि जवळचे रुग्णालय किती दूर आहे?

ज्याला खरोखर शिकवता येते तो या प्रश्नांनी चिडत नाही. उलट, तो आपल्याला माथ्यावर नेऊन अँकर दाखवील आणि मुलांनाही तेथे बोलावून घेईल. उत्तर टाळणारा भेटला तर त्या दिवशी मुलांना कडा खालूनच दाखवावा आणि गड पाहून परतावे.