फुकट प्रसारणाची किंमत

मुरूड-श्रीवर्धनचा श्रोता एके काळी टपाल कचेरीत जाऊन रेडिओचे परवानाशुल्क भरीत असे. १९६७ मध्ये विविध भारतीवर व १९७६ मध्ये दूरदर्शनवर जाहिराती आल्या. १९८५ मध्ये परवानाशुल्क रद्द झाले. म्हणून प्रसारण फुकट झाले काय? मुळीच नाही. जाहिरातीचा खर्च साबणाच्या किमतीत मिसळतो. घरी संच नसलेली कोळीणही तो भरते. शिवाय जाहिरातदार श्रोत्याचे मोल त्याच्या क्रयशक्तीवरून ठरवितो. वादळाच्या सूचनेची निकड मच्छीमाराला सर्वाधिक. परंतु बाजारात त्याचे वजन अल्प. शुल्क गरिबाला जाचत होते, हे खरेच. तथापि जो पैसा आपण नकळत देतो, त्याचा हिशेब कोणाकडे मागणार? हाच न्याय वृत्तपत्रांनाही लागू पडतो. वर्गणी भरणारा वाचकच संपादकाला हक्काने जाब विचारू शकतो.