माळावरचे चार दिवसांचे पाहुणे

सप्टेंबर सरत आला की पुणे, सोलापूर, अहिल्यानगर भागातल्या माळांवर गवत गुडघ्याला लागते. पावसाची उघडीप पडते आणि नाकतोड्यांना ऊत येतो. या दिवसांत विजेच्या तारेवर नीलपंख दिसला, तर त्याच्याकडे दोनदा पाहावे. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात, त्या आपल्या नेहमीच्या नीलपंखाचा गळा आणि छाती तांबूस-तपकिरी असते. त्याऐवजी डोक्यापासून पोटापर्यंत फिकट निळाई दिसली आणि उडताना पंखांची मागची पिसे काळी दिसली, तर तो काश्मिरी नीलपंख. मध्य आशियातून किंवा काश्मीरकडून निघालेला हा पक्षी आफ्रिकेला चाललेला असतो. पश्चिम भारत हा त्याच्या वाटेवरचा टप्पा.

स्थलांतर म्हटले की आपल्याला हिवाळी पाहुणे आठवतात. उजनीच्या पाणफुगवट्यावरचे पट्टकदंब, नांदूर मधमेश्वरची बदके, अंगणात येणारा धोबी. हे सगळे मार्चपर्यंत मुक्कामाला असतात, त्यामुळे त्यांची मोजदाद सवडीने करता येते. वाटसरू पक्ष्यांचे तसे नसते. काश्मिरी नीलपंख, निळ्या गालाचा राघू, ठिपकेदार माशीमार, लाल पाठीचा खाटीक ही मंडळी शरद ऋतूत येतात, पोट भरतात आणि पुढे जातात. परतीच्या प्रवासात, वसंतात, यांतले बरेच पक्षी आफ्रिकेतून अरबस्तानमार्गे उत्तरेकडे वळतात. जाण्याची वाट एक आणि येण्याची दुसरी. त्यामुळे त्यांना आपल्याकडे पाहण्याची खरी संधी वर्षातून एकदाच मिळते.

त्यांची आणि आपल्या ओसरत्या पावसाची वेळ जुळते, त्यामागे भक्कम कारण आहे. दिवस लहान होऊ लागला की पक्ष्यांच्या शरीरात संप्रेरकांचे चक्र फिरते आणि त्यांची भूक अनावर वाढते. खाल्लेले चरबीच्या रूपात साठते. एक ग्रॅम चरबीतून तेवढ्याच पिष्टमय पदार्थाच्या दुपटीहून अधिक ऊर्जा मिळते, शिवाय ती जळताना शरीराला पाणीही मिळते. ज्याला समुद्र किंवा वाळवंट ओलांडायचे आहे, त्याच्यासाठी याहून चांगली शिदोरी नाही. नाकतोडे, टोळ, सुरवंट आणि चतुर यांनी भरलेला पावसानंतरचा माळ हीच शिदोरी पुरवतो.

या मार्गावरचा सर्वांत थक्क करणारा प्रवासी नोव्हेंबरात येतो. अमूर ससाणा कबुतराहून लहान, वजनाने दीडशे ग्रॅमच्या आसपास. तो आग्नेय सायबेरिया आणि ईशान्य चीनमध्ये वीण करतो आणि हिवाळा दक्षिण आफ्रिकेकडे काढतो. वाटेत ऑक्टोबरात हे ससाणे नागालँडमधल्या दोयांग जलाशयापाशी प्रचंड संख्येने उतरतात. २०१२ मध्ये तिथे जाळी लावून होणारी त्यांची बेसुमार शिकार जगासमोर आली. पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी ती थांबवली आणि त्याच नोव्हेंबरात तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाशी संपर्क साधणारी छोटी यंत्रे बसवण्यात आली. त्यांना नावे मिळाली नागा, पांगती आणि वोखा. अशा यंत्रांमुळे ससाण्यांची वाट नकाशावर उमटली. ईशान्य भारतातून निघून ते द्वीपकल्प आडवा कापतात आणि पश्चिम किनारा सोडून थेट अरबी समुद्रावर झेपावतात. आफ्रिकेचा किनारा येईपर्यंत सुमारे ३,००० किलोमीटर खाली फक्त पाणी. लोणावळ्याच्या आणि पुण्याच्या परिसरात नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दिसणारे अमूर ससाणे या झेपेच्या तोंडाशी आलेले असतात.

समुद्रावर त्यांना दोन गोष्टींची साथ असते. पहिली वाऱ्याची. मोसमी पाऊस परतला की ईशान्येकडून वारे सुटतात आणि ते पक्ष्यांच्या पाठीशी असतात. दुसरी साथ, बहुधा, चतुरांची. चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने मालदीवमध्ये पाहिले की, ज्या बेटांवर गोडे पाणी जवळपास नाही तिथे दर ऑक्टोबरच्या सुमारास असंख्य चतुर उतरतात. २००९ मध्ये त्याने मांडणी केली की हे चतुर भारतातून वाऱ्यावर स्वार होऊन पूर्व आफ्रिकेकडे जातात, आणि त्याच सुमारास समुद्र ओलांडणारे कीटकभक्षी पक्षी वाटेत त्यांच्यावर पोट भरत असावेत. हे चतुर पावसाने साचलेल्या तात्पुरत्या डबक्यांत वाढतात. म्हणजे आपल्या शिवारातल्या डबक्यांचा धागा आफ्रिकेपर्यंत पोचतो.

उपग्रहयंत्रे महागडी असतात आणि ती मोजक्याच पक्ष्यांना लावता येतात. एका पक्ष्याची वाट त्यांच्यामुळे बारकाईने कळते. पण कोणत्या माळावर कोणता पक्षी कधी आला, किती थांबला, यंदा लवकर आला की उशिरा, हे गावोगावच्या निरीक्षकांच्या नोंदींतूनच कळते. अशा नोंदीला तारीख, ठिकाण, संख्या, अधिवास आणि पक्षी काय करत होता एवढे पुरते. ‘ई-बर्ड’सारख्या खुल्या संग्रहात ती टाकली की संशोधकांना वापरता येते. काहीच दिसले नाही, तर तेही लिहावे. वाटसरू नेमके कोणत्या दिवशी गेले, हे त्यावरूनच ठरते.

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिनांना जोडणारा हा आठवडा मोलाचा आहे. मात्र तोवर काश्मिरी नीलपंख पुढे गेलेले असतात आणि अमूर ससाण्यांचे मोठे थवे अजून यायचे असतात. त्यामुळे माळावरची पाहणी सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत चालायला हवी.

घाई करण्याचे कारणही आहे. सरकारी दप्तरात माळरानाची गणना बहुधा पडीक जमिनीत होते. पडीक म्हटले की तिथे खड्डे खणून झाडे लावली जातात, प्रकल्प उभे राहतात, नांगर फिरतो. दाट झाडी उभी राहिली की गवत जाते, गवताबरोबर नाकतोडे जातात आणि हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला शिदोरी मिळत नाही. चार दिवसच वापरात असलेली जागा वर्षभर रिकामी वाटते. तिचा वापर होतो हे दाखवायला पुरावा लागतो.

तो पुरावा नोंदवण्याची सोय कायद्याने केली आहे. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पुष्कळ नोंदवह्यांत झाडे आणि औषधी वनस्पती असतात, वाटसरू पक्षी क्वचितच. यंदाच्या शरदात आपल्या गायरानावर काश्मिरी नीलपंख किंवा अमूर ससाणा दिसला, तर त्याची तारखेसह नोंद या वहीत करून घ्यावी. शाळांनी हे काम अंगावर घ्यावे, मुलांची नजर तीक्ष्ण असते. उद्या त्या माळाला कुणी पडीक म्हणाले, तर ग्रामसभेला वही उघडून दाखवता येईल की ही जमीन दरवर्षी कुणाच्या कामी येते.